चारी चाकांचें बळ कोणास हवें?

सांप्रत आपल्याकडील रस्त्यांवर उंच, चौकोनी व रुंद चाकांच्या मोटारींची संख्या वाढत चालली आहे, आणि शाळेच्या फाटकाबाहेर त्यांपैकीं एखादी येऊन उभी राहिली म्हणजे वरच्या वर्गांतील मुलांचा घोळका तिच्याभोंवतीं जमतो. "फोर बाय फोर आहे का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर होकारार्थी आलें तर मुद्रा प्रफुल्लित होतात. नकारार्थी आलें तर गाडीची योग्यता त्यांच्या दृष्टीनें तत्काळ निम्म्यानें घटते. मात्र चारी चाकांस इंजिनाचें बळ मिळाल्यानें नेमकें काय साधतें व काय साधत नाहीं, असें उलट विचारलें असतां बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. पुष्कळ घरीं अशा गाडीसाठीं वडिलांपाशीं हट्ट धरला जात आहे असेंही ऐकिवांत येतें. तेव्हां ह्या विषयाचा विचार वार्षिकांत करणें अप्रस्तुत ठरणार नाहीं.

ह्या गाड्यांचें कुळ रणांगणांतलें आहे. अमेरिकेच्या सैन्यखात्यानें १९४० च्या जुलै महिन्यांत १३५ कारखान्यांकडे मागणी धाडली कीं, चारी चाकांच्या बळानें चालणारी, हलकी व काटक अशी टेहळणीची गाडी आम्हांस हवी. मुदत इतकी अल्प होती कीं, बहुतेकांनीं तिकडे पाठच फिरविली. बँटम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट ह्या अभियंत्याकडून आराखडा करवून सप्टेंबरांत पहिला नमुना हजर केला, आणि पुढें विलिज व फोर्ड ह्या कारखान्यांनीं युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. त्याच जीपची जुळणी १९४७ मध्यें मुंबईंत सुरू झाली. आज महिंद्रा कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यांतून बाहेर पडणारी 'थार' ही त्या वंशांतली. इंग्लंडांत रोव्हर कंपनीनें जीप पाहूनच लँड रोव्हर काढली व १९४८ च्या एप्रिलांत ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत मांडली. पोलादाची टंचाई होती म्हणून तिचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला, आणि गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांपुढें शेतकरी ठेवला. म्हणजे एक गाडी सैनिकासाठीं, दुसरी शेतकऱ्यासाठीं. गुळगुळीत राजमार्गावर कुटुंबासह सुखानें प्रवास करणें हा हेतु दोहोंपैकीं एकीच्याही जनकाच्या मनांत नव्हता. आज ह्या गाड्यांविषयीं जे वाद होतात त्यांचें बीज येथेंच आहे.

आतां यंत्राकडे वळूं. इंजिन कितीही बलवान असो, चाकाची जमिनीवर जेवढी पकड असेल तेवढेंच बळ उपयोगी पडतें. बाकीचें चिखल उडविण्यांत खर्च होतें. साध्या मोटारींत दोनच चाकें ओढणारीं असतात, म्हणून गाडीच्या भारापैकीं त्या दोन चाकांवर पडणारा भाग तेवढा पकडीच्या कामीं येतो. चारी चाकें ओढूं लागलीं म्हणजे सगळा भार कामास लागतो. ओल्या काळ्या मातींत किंवा निसरड्या चढावर हा भेद चालकाच्या ताबडतोब ध्यानीं येतो, व तेथें ह्या युक्तीस तोड नाहीं.

पण वळणावर एक अडचण उभी राहते. शाळेच्या क्रीडामहोत्सवांत वर्तुळाकार धांवपट्टीवर बाहेरच्या पट्ट्यांतील धांवपटूस थोडें पुढें कां उभें करतात, हें सर्वांस ठाऊक आहे. मोटारीचेंही तसेंच. वळतांना बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां, आणि पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां, अधिक अंतर तोडतात. डाव्या व उजव्या चाकांचा हा हिशेब मिटविण्यासाठीं डिफरन्शियल नांवाची दांतेरी चाकांची जुळणी असते. थार, मारुतीची 'जिम्नी' व पुण्याच्या फोर्स कंपनीची 'गुरखा' ह्या तिन्ही गाड्यांत पुढच्या व मागच्या चाकांमधला हिशेब मिटविणारी अशी जुळणी मात्र नाहीं. पुढचीं चाकें जोडलीं म्हणजे पुढचा व मागचा आंस एकाच गतीनें फिरावयास बांधला जातो. चिखलांत किंवा वाळूंत चाकें थोडीं घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तीं घसरूं शकत नाहींत, आणि सगळा पीळ यंत्राच्या अंगांत सांठतो. म्हणूनच कोरड्या पक्क्या रस्त्यावर पुढचीं चाकें जोडूं नयेत, असें ह्या प्रकारच्या गाड्यांच्या पुस्तिकांत बजावलेलें असतें.

ह्याचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. शहरांत व महामार्गावर, म्हणजे आपल्या प्रवासाच्या बहुतेक सर्व मैलांत, ही गाडी केवळ मागच्या दोन चाकांवर चालत असते. मालक मात्र जास्तीचा आंस, जास्तीच्या दांतेरी चाकांची पेटी व त्यांचें ओझें इंधन जाळून वाहून नेत असतो. महिंद्रा कंपनीनें १९२३ सालच्या नव्हे, तर अगदीं अलीकडच्या २०२३ सालच्या जानेवारींत, हींच अंगें काढून टाकलेली व केवळ मागच्या चाकांवर चालणारी थार कमी किंमतींत बाजारांत आणली. कित्येक शौकिनांनीं नाकें मुरडलीं. मला तर त्या विक्रेत्याच्या सरळपणाचें कौतुक वाटलें. ज्यास केवळ रूप हवें त्यानें रूपाचेच पैसे द्यावे हें योग्यच नव्हे काय?

चारी चाकांचें बळ रस्त्यावरही सदैव कामीं यावें म्हणून दुसऱ्या कुळांतील गाड्या निघाल्या. १९७० ची रेंज रोव्हर व १९८० ची आउडी क्वाट्रो ह्यांत पुढच्या व मागच्या आंसांमध्येंही डिफरन्शियल बसविलें होतें. क्वाट्रोनें शर्यतींत असा दरारा निर्माण केला कीं, कांहीं वर्षांतच दोन चाकांच्या बळावर जागतिक रॅली जिंकणें दुरापास्त झालें. पण ती बुटकी, वेगवान गाडी ओढ्यांतले धोंडे ओलांडण्यासाठीं नव्हती. तिच्यांत ती खालची गिअरपेटीही नव्हती, जिच्या योगें जीपच्या वंशांतील गाड्या आपला वेग निम्म्याहून कमी करून ओढ मात्र दुपटीहून अधिक करतात. माझ्या मतें अशा गाडीचें खरें वैभव ह्या खालच्या गिअरांतच आहे. तीव्र उतारावर ब्रेकला पाय न लावतां माणसाच्या चालीनें गाडी उतरविणें हें काम तीं गिअरेंच करतात, आणि जाहिरातींत त्यांचें नांव क्वचितच निघतें.

तिन्ही देशी गाड्यांची तुलना करावयाची तर मी आधीं वजन पाहीन. जिम्नी सुमारें १,२०० किलोंची, थार तिच्याहून कांहींशें किलोंनीं भारी. मऊ मातींत हलकी गाडी वर वर निघून जाते व भारी गाडी रुतते. शिवाय रुतलीच तर चार गडी लावून जिम्नी ढकलतां येते. जमिनीपासूनची उंची जिम्नीची २१० मिलिमीटर व थारची २२६. समोरचा चढ नाक न घासतां चढण्याचा कोन पहिलीचा ३६ अंश, दुसरीचा ४१ अंशांहून अधिक. आंकड्यांत थार वरचढ आहे खरी. इंजिनही तिचें दांडगें आहे, आणि ओझें घेऊन चढण चढावयाची तर तिचें डिझेल इंजिन जिम्नीच्या दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनास सहज मागें टाकील. गुरखेची गोष्ट वेगळी. एक चाक अधांतरीं लोंबकळूं लागलें कीं डिफरन्शियल सगळी गति त्या निकामी चाकासच देऊन बसतें. तेथें गुरखेच्या चालकास पुढचा व मागचा आंस हातानें कुलूपबंद करतां येतो, म्हणजे जमिनीवरचें चाक फिरलेंच पाहिजे. खऱ्या रानांत, एकट्यानें, मदतीची आशा नसतां जावयाचें असेल तर मी गुरखेसच पसंत करीन. मुंबईस जावयाचें असेल तर खचित करणार नाहीं.

कारण राजमार्गावर पारडें उलटें फिरतें. जिम्नीचे दोन्ही व गुरखेचा मागचा आंस अखंड आहेत: डावें चाक खड्ड्यांत गेलें कीं उजव्यासही हिसका बसतो, एका जुंवाखालच्या दोन बैलांपैकीं एक ठेंचाळावा तसा. खडकाळ वाटेवर हाच गुण, कारण एक चाक वर उचललें गेलें कीं दुसरें जमिनीवर दाबलें जातें. ताशीं ऐंशीं किलोमीटरांवर हाच अवगुण. थारचीं पुढचीं चाकें स्वतंत्र आहेत, म्हणून ती भरधांव जातांना अधिक स्थिर वाटते. तरी मागें बसणाऱ्यांचीं हाडें खिळखिळीं होतात तीं होतातच. लँड रोव्हर कंपनीनें आपली जुनी डिफेंडर २०१६ च्या जानेवारींत बंद केली, व २०१९ मध्यें नवी दाखविली तेव्हां तींत ना वेगळी लोखंडी सांगाडी होती ना अखंड आंस. जुन्या भक्तांनीं हाहाकार केला. नवी गाडी रस्त्यावर शतपट सुखाची आहे व रानांतही अडत नाहीं. मात्र लोखंडाचें काम आतां तारा व संगणक करतात, त्यांची किंमत सामान्य माणसाच्या आटोक्यापलीकडची आहे, आणि तालुक्याच्या गांवच्या मिस्त्रीला ती हातोडी-पान्यानें दुरुस्त करतां येणार नाहीं. दोन्ही डगरींवर पाय ठेवणारी गाडी मिळते. ती स्वस्तांत मिळत नाहीं, एवढेंच.

विद्यार्थिमित्रहो, आतां जीवाशीं गांठ आहे अशा दोन गोष्टी. पहिली, ब्रेक. थांबतांना प्रत्येक मोटार, अगदीं लहानांतली लहानसुद्धां, चारी चाकांनींच थांबते. तेव्हां पावसांत थांबण्याच्या बाबतींत चारी चाकांच्या बळानें एक इंचाचाही फायदा होत नाहीं. उलट निसरड्या रस्त्यावर ही गाडी इतक्या सहज वेग घेते कीं, रस्ता निसरडा आहे ह्याची जाणीवच चालकास होत नाहीं. त्यांत तिचा गुरुत्वमध्य उंच. अकस्मात् वळविली असतां बुटक्या गाडीपेक्षां ती कलंडण्याचें भय अधिक. घाटांत तिची परीक्षा पाहूं नये.

दुसरी गोष्ट, पाणी. थार ६५० मिलिमीटर पाण्यांतून जाऊं शकते असें कंपनी सांगते, व तें खरें आहे; पण तें पाणी संथ असलें पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा असा आहे कीं, वेगानें वाहणारें सुमारें ३० सेंटिमीटर पाणी बहुतेक लहान मोटारी वाहून नेतें, आणि ६० सेंटिमीटर पाणी अशा थोराड गाड्यांसही उचलतें. म्हणजे जाहिरातींतल्या आंकड्याच्या आंतच मृत्यूचा आंकडा आहे. गाडी तरंगूं लागली कीं चाकें चार ओढोत कीं दोन, पकडच उरत नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा मार्ग पावसाळ्यांत वारंवार बंद पडतो; तेथले जाणते लोक पूर ओसरण्याची वाट पाहतात, ते भित्रे म्हणून नव्हे.

मग ही गाडी घ्यावी तरी कोणी? पाड्यापाड्यांवर जाणाऱ्या डॉक्टरानें व परिचारिकेनें, वनखात्याच्या माणसानें, ज्याचें शेत पक्क्या सडकेपासून कोसभर आंत काळ्या रानांत आहे त्यानें. मनालीहून अटल बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बर्फ पडल्यावर पुष्कळदां चारी चाकें ओढणाऱ्या गाड्यांसच पुढें सोडतात. तेथें राहणाऱ्यास ती चैन नव्हे, गरज आहे. मिशनच्या ग्रामीण दवाखान्यांस अशी गाडी मिळावी म्हणून कोणी वर्गणी मागितली तर मी आनंदानें देईन. परंतु १ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, ह्या दरम्यान जी पहिली एस्. टी. धांवली, तिच्या आजच्या लेकी केवळ मागच्या दोन चाकांच्या बळावर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतील गांवीं जातात, हेंही विसरतां येत नाहीं. ज्या रस्त्यानें एस्. टी. जाते त्या रस्त्यासाठीं चारी चाकांचें बळ विकत घेण्याचें कारण मला अद्याप कोणीं पटवून दिलेलें नाहीं.

गरज नसतां गाडी घेतली कीं मनुष्य तिच्यासाठीं गरज शोधूं लागतो, आणि मग ती समुद्रकिनाऱ्यावर जाते. रत्नागिरी जिल्ह्यांत वेळासच्या वाळूंत सागरी कासवें अंडीं घालतात. तीं अंडीं वरून दिसत नाहींत, आणि चाकाखालीं आलीं तर आंत बसलेल्यास कळतही नाहीं. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर फुलझाडांना आधार देणारी माती खडकावर बोटभर असते. एका चाकोरीनें ती निघाली तर परत येण्यास किती पावसाळे जावे लागतील, हें भूगोलाच्या वर्गांत शिकलेल्या मुलांनीं स्वतःच ठरवावें.

ज्या पालकांनीं विचारपूर्वक अशी गाडी घेण्याचें योजिलें आहे, त्यांस दोनच सूचना. जास्तीचीं आभूषणें घेण्याऐवजीं तेच पैसे चांगल्या टायरांस द्यावे, कारण जमिनीला अखेर टायरच लागतो. झिजलेल्या टायरांच्या फोर-व्हील ड्राइव्हपेक्षां नव्या टायरांची साधी मोटार पावसांत बरी. आणि दुकानांत पुढच्या आसनावर बसून घांई करूं नये. तीन दारांच्या थारमध्यें मागें जावयाचें तर पुढचें आसन कलतें करून त्याच्या आडून आंत शिरावें लागतें. सौदा पुरा करण्यापूर्वीं घरांतील आजीबाईंस बरोबर न्यावें, त्यांस त्या मागच्या आसनावर चढवावें, आणि तासभर खड्ड्यांच्या रस्त्यानें फिरवून आणल्यावर त्यांचें मत विचारावें.