तिजोरीची किल्ली कोणाकडे?

अमेरिकेच्या राज्यघटनेने कार्यकारी सत्ता एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या ठायी एकवटली. तेथील मंत्री त्यालाच जबाबदार असतात. तिजोरीची किल्ली मात्र घटनेने काँग्रेसकडे ठेवली. १९७२ साली निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काढून काँग्रेसने सांडपाणी-शुद्धीकरणासाठी निधी मंजूर केला, तेव्हा त्यांनी त्यातील मोठा हिस्सा अडवून धरला. अशा प्रकारांतूनच १९७४ चा कायदा आला: मंजूर निधी रद्द करावयाचा तर काँग्रेसची संमती घ्यावी, ४५ दिवसांत ती न मिळाल्यास पैसा मोकळा करावा. म्हणजे काँग्रेसचे मौन हाच नकार.

ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी हा अर्थच उलटा केला. सुमारे ४.९ अब्ज डॉलरची परदेशी मदत रद्द करण्याचा प्रस्ताव त्यांनी अशा बेताने पाठविला की, ४५ दिवस भरण्यापूर्वीच, ३० सप्टेंबरला, आर्थिक वर्ष संपावे. सर्वोच्च न्यायालयानेही अंतरिम आदेशाने निधी रोखून धरण्याची मुभा दिली. मौन आता संमती ठरले.

अमेरिकन मदतीच्या हेतूंविषयी ज्यांना रास्त शंका आहे, त्यांनीही येथे समाधान मानू नये. हेच हत्यार उद्या तेथील गरिबांच्या शाळा-दवाखान्यांवर चालेल. लोकप्रतिनिधींनी मंजूर केलेला खर्च एका माणसाच्या मर्जीवर राहिला, तर निवडणुका होत राहतील. लोकसत्ता उरणार नाही.