नागरिकांनो, फेरतपास म्हणजे निकाल नव्हे!

बेपत्ता मुलाची फाईल पोलिसांनी पुन्हा उघडली, एवढी दोन ओळींची बातमी आली की संध्याकाळपर्यंत गल्लोगल्ली निकाल लागलेला असतो. बाप कर्जबाजारी होता, मामाचं लक्षण आधीपासूनच ठीक नव्हतं, आई कॅमेऱ्यासमोर रडली नाही म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे. पोलिसांच्या ढिलाईबद्दल तुमची-आमची चीड एकच आहे, ती पुन्हा उगाळत नाही. हे पत्रक घरबसल्या लावलेल्या या निकालांविरुद्ध आहे.

‘काही सापडल्याशिवाय पोलीस पुन्हा कशाला चौकशी करतील?’ हा सगळ्यांचा लाडका सवाल. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरूनच गुन्हा नोंदवायचा. म्हणून रुसून आजोळी गेलेल्या पंधरा वर्षांच्या पोराच्या एफआयआरवरही अपहरणाचंच कलम लागतं, पूर्वी ३६३, आता भारतीय न्याय संहितेचं १३७. आणि याच नोंदींचे आकडे ‘मुलं पळवणाऱ्यांचा सुळसुळाट’ म्हणून फिरवले जातात! चार महिन्यांत मूल सापडलं नाही, तर नियमानुसार तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जातो. नवा अधिकारी जुने जबाब पुन्हा घेणारच. मुलाच्या अंगात कुठला शर्ट होता, पायात कुठली चप्पल होती, हे आईला नाही तर कुणाला विचारणार? पोलिसांची गाडी दाराशी दिसली एवढ्यावर तिला गुन्हेगार ठरवणं हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

‘आम्ही फक्त शंका घेतो, जागरूक राहायचं नाही का?’ १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्याआधीच मोबाईलवरून पसरली होती. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठार मारलं. त्यांनी एकही मूल पळवलेलं नव्हतं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेपायी मारले गेले. शंका कुठे थांबते, हे शंका घेणाऱ्याच्या हातात राहत नाही. शिवाय तेच तर्क आठ दिवस कानावर पडले की साक्षीदाराला आपण स्वतः काय पाहिलं आणि काय नुसतं ऐकलं, यातला फरक कळेनासा होतो. मग उलटतपासणीत त्याची साक्ष ढासळते, आणि खरा आरोपी त्याच फटीतून सुटतो.

‘म्हणजे गप्प बसायचं?’ मुळीच नाही. गुन्हा कुठल्या तारखेला नोंदला, चार महिन्यांनी तपास खरोखर कक्षाकडे गेला का, सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाण्याआधी ताब्यात घेतलं का, हे लेखी विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत पिच्छा सोडू नका. काही पाहिलं असेल तर १०९८ किंवा ११२ वर कळवा, ठाण्यात जाऊन जबाब द्या. ज्या तर्काखाली स्वतःचं नाव घालायची तयारी नाही, तो मोबाईलवरून पुढे ढकलू नका.