आरोग्यविचार : कॉफीतील गोडी



गणेशोत्सवाच्या निमित्ताने या सदरातून आपली पुन्हा भेट होत आहे. या दिवसांत घरोघरी पाहुण्यांची ये-जा असते, आणि कॉफी वा चहा दिल्यावाचून आपले आतिथ्य पुरे होत नाही. त्या पेल्यातील गोडीविषयी यंदा चार शब्द लिहिते.

मॉरिशसमध्ये साखरेविरुद्ध लिहिणे अवघडच. इ. स. १८३४ पासून करारबद्ध मजूर या बेटावर येऊ लागले ते उसाच्या शेतीसाठी. आपले पूर्वज त्यांतलेच. माझे वडीलही साखर कारखान्यात राबले. दोन चमचे साखर नसेल तर कॉफी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. त्यांना मधुमेह जडल्यावर मी मोठ्या शहाणपणाने पांढरी साखर बंद करून तपकिरी आणली. ती निर्धोक, असा माझा समज. वर्षभर आम्ही निश्चिंत राहिलो. रक्तातील साखर मात्र उतरली नाही, आणि पुढे त्यांची दृष्टी मंदावली. शिक्षिका असूनही मी वेळीच चौकशी केली नाही, याची रुखरुख आजही आहे.

तपकिरी साखर, गूळ व मध यांत थोडी खनिजे असतात. परंतु चमचाभरात ती नगण्य. शरीराच्या दृष्टीने तीही साखरच होय. दिवसाकाठी अशी साखर सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवणे अधिक हितकर, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. चहाच्या एका चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते. दोन चमच्यांचे तीन पेले म्हणजे २४ ग्रॅम. केक, मुरंबा व शीतपेये हिशेबाबाहेरच राहिली! आपल्या देशात पाच प्रौढांपैकी सुमारे एकाला मधुमेह आहे, हे येथे ध्यानी घ्यावे.

कृत्रिम गोडीच्या गोळ्या व स्टीव्हिया यांवर वजन घटविण्यासाठी विसंबू नये, असा सल्ला त्याच संघटनेने २०२३ साली दिला. तो मधुमेहींना उद्देशून नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारावे.

मग उपाय कोणता? दर आठवड्यास पाव चमचा साखर कमी करावी. दोन चमचे आठ आठवड्यांत सुटतात, आणि जिभेलाही सवय होते. कॉफी फार कडक करू नये. दुधाला स्वतःची थोडी गोडी असतेच. त्यात किंचित जायफळ, वेलदोडा, दालचिनी वा वॅनिला घातल्यास साखरेची उणीव कमी भासते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदल करावा, व रक्तातील साखर एकाएकी उतरल्यास उपयोगी पडावी म्हणून थोडी साखर जवळ बाळगावी.

आज वडील घरी जायफळाची बिनसाखरेची कॉफी घेतात. परक्या घरी मात्र गोड पेला मुकाट्याने पितात. नाकारल्यास यजमानाचा अवमान होईल, असे त्यांना वाटते. म्हणून आपणांस एवढीच विनंती, की या उत्सवात साखर वेगळ्या वाटीत ठेवावी आणि पाहुण्याला आधी विचारावे. त्यात कंजूषपणा नाही. वडीलधाऱ्यांना नकार देण्याच्या संकोचातून सोडविणे, हाही आदरच आहे.