शापाचा भार कोणाच्या माथी?

लाखनीसारख्या महामार्गावरील गावात दुकानाच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली दिसते, आणि जुनी काढून रस्त्यावर टाकली की येणारा-जाणारा ती ओलांडण्याचे टाळतो. ओलांडली तर कोणाची तरी पीडा आपल्या मागे लागेल, ही त्यामागची भीती. शाप, तळतळाट, हाय, नजर, करणी अशी तिची अनेक नावे. दुसऱ्याच्या मनातील किंवा मुखातील अनिष्ट आपल्याला येऊन बाधते, ही समजूत जितकी जुनी तितकीच चिवट आहे. साहित्याने तिला सौंदर्य दिले, राजांनी तिचा दस्तऐवजात उपयोग केला आणि अज्ञानाने तिचे हत्यार बनविले.

भगवान शांतिनाथांच्या दर्शनासाठी रामटेकला जाणाऱ्या श्रावकांना तेथील गड परिचित आहे. हा गड म्हणजेच कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले. कर्तव्यात कसूर करणाऱ्या यक्षाला त्याच्या स्वामीने, कुबेराने, एक वर्षाच्या विरहाचा शाप दिला. अपराध यक्षाचा, शिक्षेला मुदतही आहे. परंतु अलकानगरीत त्याची निरपराध पत्नी तेवढेच वर्ष झुरते. ‘शाकुंतला’त हे अधिक स्पष्ट होते. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखत असूनही लोकापवादाच्या भीतीने नाकारतो. कालिदासाने दुर्वासांच्या शापाची योजना केली आणि राजा दोषमुक्त झाला. त्याला विस्मृती झाली एवढेच! दुःख मात्र शकुंतलेच्याच वाट्याला राहिले. शाप आला की खरा दोषी नजरेआड होतो, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

इतिहासातील शाप अधिक व्यवहारी आहेत. पाचव्या शतकातील वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेन याचा चम्मक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील आहे. त्यात 1000 ब्राह्मणांना एक गाव दान दिल्याची नोंद आहे. दान घेणाऱ्यांनी राजद्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये, अशा अटी त्यात घातल्या आहेत. अटी मोडल्यास राजा जमीन परत घेऊ शकेल. परंतु उद्या गादीवर येणाऱ्या राजानेच दान हिरावून घेतले तर? त्याला कोणते न्यायालय रोखणार? तेथे शापवचन येते. भूमिदान करणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहतो. ते हिरावणारा, आणि त्यास संमती देणाराही, तितकीच वर्षे नरकात. प्राचीन दानपत्रांत हा मजकूर पुनःपुन्हा आढळतो. कर्जाला तारण असावे तसे दानाला शापाचे तारण होते. जेथे कायद्याचा हात पोहोचत नव्हता, तेथे धर्मभीतीवर विसंबावे लागे.

जैन इतिहासही याला अपवाद नाही. श्रवणबेळगोळ येथील 1368 सालच्या शिलालेखात विजयनगरच्या बुक्करायाने जैन व वैष्णव यांच्यातील तंटा मिटवून दोहोंत भेद मानू नये असा निर्णय दिला आहे. तो मोडणारा राजद्रोही व संघद्रोही ठरेल, असे शेवटी बजावले आहे.

महाराष्ट्रात याच प्रथेने एक ओंगळ वळण घेतले. अलिबागजवळील अक्षी येथील शिलालेख सामान्यतः शके 934, म्हणजे इ.स. 1012 चा मानला जातो आणि मराठीतील अत्यंत जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्याच्या अखेरीस ‘गधेगाळ’ आहे. अशा शिळांवर वरच्या बाजूस सूर्य-चंद्र असतात. दान ते असेतो टिकावे, हा त्यांचा अर्थ. खाली गाढवाचे चित्र असते, आणि त्यातील शिवी कुटुंबात वाचून दाखवता येणार नाही अशी असते. ती दान बुडवणाऱ्याला उद्देशून आहे. परंतु विटंबना होते ती त्याच्या आईची. अपराध मुलाचा, बदनामी आईची! दानासारख्या पुण्यकार्याचे रक्षण करतानाही शापाचा भार पुन्हा एका निरपराध स्त्रीच्याच माथी आला.

जैन परंपरा या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहते. यादवकुळाचा नाश महाभारतात गांधारीच्या आणि ऋषींच्या शापाने होतो. जैन हरिवंशकथेत मद्यधुंद यादवकुमार द्वैपायन मुनींना छळतात, मुनी क्रोधाविष्ट होतात, मरणोत्तर अग्निकुमार देव होऊन द्वारका जाळतात. येथे मद्यपी कुमारांचा दोष झाकला जात नाही आणि मुनींचाही नाही. दीर्घ तपश्चर्या एका क्रोधापायी व्यर्थ जाते. शाप देणाऱ्याला त्याच्या कषायाचे फळ आणि सोसणाऱ्याला स्वतःच्या कर्माचे. बँकेत संमती असेल तर एकाच्या खात्यातील रक्कम दुसऱ्याच्या खात्यात वर्ग करता येते. कर्माच्या हिशेबात तीही सोय नाही.

अर्थात, दुखावलेल्याच्या तळतळाटाकडे दुर्लक्ष करावे असा याचा अर्थ नव्हे. मजुरी बुडालेला गडी किंवा घराबाहेर काढलेली वृद्ध माता शापते, तेव्हा तो बहुधा कोणी न वाचलेला तक्रारअर्ज असतो. शांती करून घेण्यापेक्षा मजुरी चुकती करणे आणि मातेला घरी आणणे, हाच त्यावरील खरा उःशाप होय.

अंधश्रद्धेचे गणित नेहमी सोयीचे असते. तुतानखामेनची कबर 1922 मध्ये सापडली. उत्खननाचा खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन 1923 मध्ये वारले आणि ‘फॅरोच्या शापा’ची वार्ता जगभर पसरली. कबर शोधणारे हॉवर्ड कार्टर मात्र 1939 पर्यंत जगले, ते कोणी मोजले नाही. आपल्या खेड्यांतही असेच होते. मूल आजारी पडते, गाय आटते, आणि बोट शेजारच्या एकट्या विधवेकडे किंवा म्हाताऱ्या जोडप्याकडे वळते. त्यातून मारहाण होते, धिंड निघते, प्रसंगी जीवही जातो. ज्याच्यावर करणीचा आळ येतो त्याच्या हाती कोणतीच शक्ती नसते. खरी शक्ती असते ती जमावाच्या हाती.

या अन्यायाविरुद्ध आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्र-तंत्राने जनावराचे दूध आटवते, असे भासवून तिचे जगणे असह्य करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय पाच ते पन्नास हजार रुपये दंड. वस्तीत असा आळ कोणावर येत असल्याचे कानी आले, तर प्रकरण हाताबाहेर जाण्यापूर्वी पोलीस ठाण्यास कळवावे. आजाऱ्याला दवाखान्यात आणि जनावराला पशुवैद्यकाकडे न्यावे.

क्षमावणीच्या दिवशी आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या ‘सर्व जीवां’मध्ये, जिच्या दारावरून जाताना मुलांना हात धरून ओढून नेले जाते ती शेजारीणही येते. तिच्या घरी जाऊन चहाचा एक पेला घेतला, तरी वस्तीतील अनेक शाप विरून जातील.