एवढे पुरुष आहेत की तिथे!

रेल्वेत लोकोपायलट असलेल्या मुलीचं लग्न लांबलं की घरातली एखादी आत्या हमखास म्हणते, ‘एवढे पुरुष आहेत की तिथे, त्यातला एक नाही मिळत?’ आत्याच्या मनात वाईट काही नसतं, पण तिचा हिशेब चुकतो. पन्नास पुरुषांत एकटीनं काम करणाऱ्या बाईपुढे पन्नास स्थळं नसतात. तिच्यावर शंभर डोळे असतात.

लॉबीत ड्युटीवर हजेरी लावताना ती कुणाशी दोन वाक्यं जास्त बोलली, मुक्कामाच्या रनिंग रूममध्ये कुणाच्या पंगतीला बसली, ही बातमी तिच्या गाडीच्या आधी पुढच्या स्टेशनात पोचते. इंजिनात लोकोपायलट आणि सहायक, दोघंच. प्रत्येक सिग्नल मोठ्यानं पुकारायचा, दुसऱ्यानं तो पुन्हा म्हणायचा. शेजारच्यानं एके दिवशी मनातलं बोलून दाखवलं आणि तिनं नाही म्हटलं, तरी पुढच्या आठवड्यात कदाचित त्याच्याबरोबरच सिग्नल पुकारायचे असतात. म्हणून पुष्कळ जणी आधीपासूनच बोलणं कामापुरतं ठेवतात आणि ‘शिष्ट’ ठरतात. प्रेम जमलंच, तर मित्र त्याची पाठ थोपटतात आणि तिची पुढची बढती कुणाच्या तरी मेहेरबानीच्या खात्यावर मांडली जाते. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

‘आता साधं बोलायचीही चोरी झाली,’ अशी पुरुषांची तक्रार असते. ती मला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९९७चा विशाखा निकाल आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा २०१३चा कायदा हे दोन्ही नकोशा वागण्याविरुद्ध आहेत, सहकाऱ्यांमधल्या प्रेमाविरुद्ध नाहीत. आवडली असेल तर ड्युटी संपल्यावर, एकदाच, सरळ विचारावं. तिच्या कामाचा अहवाल आपल्या हातात असेल तर विचारूच नये. आणि ‘नाही’ आलं, तर दुसऱ्या दिवशीचं आपलं वागणं आदल्या दिवसासारखंच हवं. नकाराची किंमत मोजावी लागणार नाही अशी खात्री असेल, तरच तिला मोकळेपणानं ‘हो’ म्हणता येईल.

खात्याबाहेरच्या जोडीदाराचं एक उदाहरण घ्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली सहायक चालक झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्या ओळखल्या जातात. २०११ मध्ये त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत मुंबईला आणली. त्यांचे पती पोलीस खात्यातले. त्यांच्या घरातलं मला ठाऊक नाही, पण हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ज्याला स्वतःला बंदोबस्त, रात्रपाळी आणि दिवाळीची ड्युटी माहीत आहे, त्याला बायकोची रात्रपाळी समजावून सांगावी लागत नाही. जोडीदार आपल्याच खात्यात शोधायला हवा असं थोडंच आहे? नर्सिंग, अग्निशमन, एसटी, वीजमंडळ इथली माणसंही रात्री जागीच असतात.

ठरवून होणाऱ्या लग्नांत अडचण निराळी. पत्रिका जुळते, मुलगी पसंत पडते आणि मग हळूच विचारणा होते, ‘ऑफिसात बदली करून घेता येईल ना?’ सहा-सहा महिने जहाजावर असणाऱ्या मुलाला असं कुणी विचारत नाही. तेव्हा मुलीच्या आईवडिलांनी बायोडेटात ‘रेल्वेत नोकरी’ एवढंच लिहून थांबू नये. ‘लोकोपायलट, रात्रीची ड्युटी असते, गाडी चालवणं सोडणार नाही’ हे पहिल्याच ओळीत लिहावं. स्थळं कमी येतील, पण ज्यांना हे चालणारच नाही त्यांच्याबरोबर चहापोह्यांत वर्ष जाणार नाही.