धांड्याची गाडी, लाह्यांचा लाडू

ज्वारीचा वाळलेला धांडा सोलायचा, आतल्या पांढऱ्या भेंडाच्या चकत्या कापायच्या, सालीचा आस करून त्यात चाकं ओवायची. झाली बैलगाडी तयार! नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या शिवारात हे खेळणं फुकट मिळतं. पोळ्याला मन्याड नदीकाठची चिकणमाती आणली की गाडीला बैलही जुंपता येतात.

खाऊही घरचाच. ज्वारीच्या लाह्या जाडसर भरडा, शेंगदाण्याचा कूट आणि किसलेला गूळ घाला, चमचाभर तूप सोडा आणि लाडू लेकरालाच वळू द्या. वेडावाकडा झाला तरी तो त्याचा स्वतःचा असतो, म्हणून आवडीनं खाल्ला जातो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम मांडलं, तेही असेच शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हाताशी घेऊनच. भोवताली जे आहे तेच मुलांचं साहित्य, ही त्यांची शिकवण आजही तितकीच खरी आहे.

वाचकहो, यातली एक तरी वस्तू लेकरांसोबत बसून करा. धांड्याच्या सालीची धार बोटाला लागते, तेवढं सोलणं मोठ्यांनी करावं. बाकी सगळं लेकरांच्या हाती सोपवा. आजी-आजोबांनाही हाक मारा. त्यांचे हात ही कला विसरलेले नाहीत.