कन्फ्यूशियसला दोष देण्याआधी

चिनी आईबाप मुलांशी कठोर वागतात, गुणपत्रिकेपलीकडे काही पाहत नाहीत, पैशाला पैसा जोडत बसतात आणि मायेचा शब्द ओठांवर येऊ देत नाहीत, असं जगभर बोललं जातं. कारणही ठरलेलं असतं: कन्फ्यूशियसची अडीच हजार वर्षांची शिकवण. २०११ साली अमेरिकेत एमी चुआ यांचं ‘बॅटल हिम ऑफ द टायगर मदर’ हे पुस्तक गाजलं आणि ‘वाघीण आई’ ही चिनी पालकांची ओळखच होऊन बसली. पण चुआ यांचा जन्म अमेरिकेतला. त्यांचे आईवडील फिलिपिन्समधून तिथे गेलेले चिनी वंशाचे. माओच्या चीनमध्ये त्या घराने दिवस काढले नव्हते. त्या एका घरावरून मुख्यभूमीतल्या पालकांचा निवाडा करणं मुळातच चुकीचं आहे.

आणि या पालकांपैकी १९५० च्या आसपास जन्मलेल्यांना कन्फ्यूशियस शिकवला तरी कोणी? नोव्हेंबर १९६६ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीत, माओच्या तरुण अनुयायांनी म्हणजे लाल रक्षकांनी चुफू इथल्या कन्फ्यूशियसच्या मंदिराची आणि वंशजांच्या कबरींची नासधूस केली. १९७४ मध्ये त्याच्या निषेधाची मोहीम देशभर राबवली गेली. वडीलधाऱ्यांचा मान हा ज्या शिकवणीचा पाया, तीच त्या काळात गुन्हा ठरली होती. अनहुई प्रांतातल्या झांग होंगबिंग यांनी १९७० साली, सोळाव्या वर्षी, माओवर टीका केली म्हणून स्वतःच्या आईविरुद्ध तक्रार केली. तिला मृत्युदंड झाला. २०१३ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. परंपरेच्या सावलीत वाढलेली पिढी अशी नसते.

मग या पिढीला घडवलं कशाने? जे तिच्या वाट्याला आलं, त्याने.

आधी भूक. माओच्या ‘महाझेप’ मोहिमेने ओढवलेल्या १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात किती माणसं गेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. पत्रकार यांग जिशेंग यांनी अनेक प्रांतांची दप्तरं तपासून तीन कोटी साठ लाखांचा आकडा मांडला. त्यांचे वडीलही १९५९ मध्ये अन्नावाचून गेले. धान्याची कुपनं १९५५ मध्ये सुरू झाली आणि १९९३ मध्ये संपली. १९५० साली शहरात जन्मलेल्या माणसाने चाळिशी ओलांडेपर्यंत मोजून मिळालेलं धान्य खाल्लं. त्याच्या काटकसरीला स्वभावदोष म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहायला हवा.

मग शिक्षण. १९६६ मध्ये विद्यापीठ प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, गाओकाओ, बंद झाली. डिसेंबर १९६८ मध्ये माओचा आदेश निघाला आणि सगळ्या वर्षांचं मिळून सुमारे पावणेदोन कोटी शहरी तरुण खेड्यांत पाठवले गेले. डिसेंबर १९७७ मध्ये परीक्षा पुन्हा झाली. सत्तावन्न लाखांच्या आसपास उमेदवार बसले, प्रवेश मिळाला पावणेतीन लाखांना. अनहुईतल्या फंगयांगमध्ये शेतात राबणारे ली केकियांग त्याच परीक्षेतून पेकिंग विद्यापीठात गेले आणि पुढे पंतप्रधान झाले. शंभरातले पंचाण्णव मात्र जिथे होते तिथेच राहिले. आपल्या मुलाच्या प्रत्येक गुणासाठी जीव टाकणारे आईबाप या पंचाण्णवांतलेही आहेत.

घरातल्या अबोल्यालाही इतिहास आहे. वर्गाचा शिक्का बापाकडून मुलाकडे येई: जमीनदाराचं मूल, ‘उजव्या’ विचारांचा ठरलेल्याचं मूल. आईवडील ‘उजवे’ ठरल्यामुळे यू लुओके या हुशार तरुणाला महाविद्यालयाचं दार उघडलं नाही. रक्ताच्या या न्यायाविरुद्ध त्याने निबंध लिहिला. मार्च १९७० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याला गोळ्या घालून देहदंड दिला गेला. घरात मनातलं बोललं तर ते बाहेर जाऊ शकतं, आणि गेलं तर मुलाच्या आयुष्यावर डाग पडतो, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी बोलणंच कमी केलं.

पुढे १९८० पासून एकाच मुलाचं सरकारी बंधन आलं, आणि नव्वदीच्या अखेरीस सरकारी कारखान्यांतून कोट्यवधी कामगारांची कपात झाली. आयुष्यभराची हमी गेली, आधार उरला तो एका मुलाचा. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये आईबाप मुलामुलींची माहिती कागदावर लिहून स्थळं शोधत उभे राहतात. समाजशास्त्रज्ञ सुन पेइदोंग यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्या घाईमागे खेड्यांत पाठवल्या गेलेल्या पिढीची असुरक्षितता दिसली.

इथे एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. तैवान आणि सिंगापूरमध्ये सांस्कृतिक क्रांती झाली नाही, तरी तिथले पालकही परीक्षेच्या मागे असतातच. खरं आहे. राजदरबारी परीक्षांची परंपरा १९०५ पर्यंत सुमारे तेराशे वर्षं चालली; परीक्षेची प्रतिष्ठा तिथून आली. पण परीक्षेचं दार एका रात्रीत बंद होऊ शकतं आणि अकरा वर्षं बंद राहू शकतं, ही भीती त्या परंपरेत नव्हती. ती १९६६ ने दिली.

दुसरा आक्षेप असा, की हे म्हणजे मुलांच्या दुखापतीवर पांघरूण घालणं. तसं मुळीच नाही. मार खाल्लेल्या, कायम तुलनेत तोलल्या गेलेल्या मुलाचं दुःख खरंच आहे आणि त्याची जबाबदारी पालकांचीच आहे. पण ‘आमची संस्कृतीच अशी’ म्हटलं की ती जबाबदारी कन्फ्यूशियसवर ढकलता येते; १९६० किंवा १९६८ चं नाव घेतलं की संवादाला सुरुवात तरी होते. माहितीपटकार वू वेनगुआंग यांच्या लोकस्मृती प्रकल्पाने हे दाखवून दिलं. २०१० पासून तरुण दिग्दर्शक आपापल्या गावी परतले आणि दुष्काळाबद्दल म्हाताऱ्यांना विचारू लागले. घरच्यांशीही न बोललेली शेकडो माणसं कॅमेऱ्यासमोर बोलली.

ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे आणि चीनमध्ये या विषयांवरची जाहीर चर्चा मर्यादितच आहे. म्हणून घराघरांतल्या मुला-नातवंडांनी तुम्हाला कोणत्या गावी पाठवलं, घरावर कोणता शिक्का होता, १९७७ ला परीक्षेला बसलात का, हे आजच विचारून लिहून ठेवायला हवं.